झिंक नक्की गेलं कुठे? स्किर्मिऑनच्या सॅम्पलमध्ये डोपिंग करताना कामाचा क्रम

कोकणातल्या कॉलेजांमधून एमएस्सी-पीएचडीचे जे रिपोर्ट वाचनात येतात, त्यांत एक वाक्य हमखास भेटतं: "झिंकचं प्रमाण वाढवल्यावर स्किर्मिऑन फेज दोन भागांत फुटते." (स्किर्मिऑन म्हणजे चुंबकीय पदार्थातल्या स्पिननी बांधलेला सूक्ष्म भोवरा. तापमान आणि चुंबकीय क्षेत्राच्या ज्या पट्ट्यात तो टिकतो, ती स्किर्मिऑन फेज. डोपिंग म्हणजे पदार्थातले थोडे अणू काढून दुसरे घालणं.) आलेख देखणा असतो, पण निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो. फुटलेली असते ती फेज नव्हे, सॅम्पल. एकाच पेलेटमध्ये (दाबून केलेल्या वडीत) कमीजास्त झिंकचे दोन-तीन पदार्थ शेजारी बसलेले असतात. प्रत्येकाचा टीसी, म्हणजे चुंबकीय क्रम ज्या तापमानाला सुरू होतो ते तापमान, वेगळा असतो आणि मशीन त्या सगळ्यांची बेरीज दाखवतं.

कॉपर ऑक्सिसेलेनाइटमध्ये (Cu₂OSeO₃) झिंक घालून असं विभाजन २०१५ साली प्रसिद्ध झालं होतं. २०१८ मध्ये दुसऱ्या गटाने दाखवलं, की ते फक्त पॉलिक्रिस्टलाइन सॅम्पलमध्ये दिसतं, सिंगल क्रिस्टलमध्ये दिसत नाही. तरी तीच चूक अजून होते, कारण आपण मोजमापाची घाई करतो आणि केमिस्ट्री उरकून टाकतो. म्हणून खालचा क्रम. उदाहरण मुद्दाम कॉपर ऑक्सिसेलेनाइटचंच घेतलं आहे. ट्यूब फर्नेस आणि क्वार्ट्झ सील करायची सोय एवढ्यावर हा पदार्थ होतो. क्युबिक आयर्न जर्मनाइडच्या मागे लागू नका. त्याच्या भुकटीला उच्च दाबाची यंत्रणा लागते आणि ती आपल्याकडे नसते.

टप्पा १ : नक्की काय बदलायचं आहे ते आधी लिहा

एक अणू काढून दुसरा घातला की तीन गोष्टी एकदम हलतात. अणूचा आकार बदलल्याने जाळी आवळते किंवा सैल होते. इलेक्ट्रॉनची संख्या बदलते. आणि जाळीत अव्यवस्था शिरते. तुमच्या मालिकेत यांतली कुठली मुख्य आहे, हे भट्टी पेटवण्याआधी वहीत लिहा.

मँगनीज सिलिसाइडचा टीसी २९ केल्विनच्या आसपास आहे. त्यात मँगनीजच्या जागी लोखंड घातलं की टीसी उतरतो, कोबाल्ट घातलं तर तेवढ्याच प्रमाणाला साधारण दुपटीने उतरतो. लोखंडाकडे मँगनीजपेक्षा एक इलेक्ट्रॉन जास्त, कोबाल्टकडे दोन. म्हणजे तिथे इलेक्ट्रॉनची मोजदाद बोलते आहे. झिंकचं तसं नाही. कॉपर ऑक्सिसेलेनाइट विद्युतरोधक आहे आणि झिंकच्या आयनाला स्पिनच नाही. तो ज्या जागी बसतो तिथला चुंबक गळतो, एवढंच. आकारही जवळपास सारखा, त्यामुळे जाळी फारशी हलत नाही.

आता झिंक कुठल्या जागी बसतं हा प्रश्न. या स्फटिकात कॉपरच्या दोन प्रकारच्या जागा १:३ प्रमाणात आहेत. तीन भागांचे स्पिन एका दिशेला आणि एका भागाचे उलट, म्हणून एकूण चुंबकत्व एका फॉर्म्युला युनिटला सुमारे १ बोर मॅग्नेटॉन येतं. यातून फुकटची एक तपासणी मिळते. कॉपरपैकी ५ टक्के झिंक गेलं असेल, तर ते कुठे बसलं त्यावर कमी तापमानाचं संपृक्त चुंबकत्व ठरतं:

– सगळं बहुसंख्य जागांवर गेलं, तर शुद्ध सॅम्पलच्या ०.९० पट
– कुठेही यदृच्छया गेलं, तर ०.९५ पट
– सगळं अल्पसंख्य जागांवर गेलं, तर चक्क १.१० पट

हे आकडे आधी लिहून ठेवा. ५ केल्विनचा एक एम-एच आलेख (क्षेत्र वाढवत मोजलेलं चुंबकत्व) काढला की कुठला खरा ते कळेल. अट एवढीच, की सॅम्पलमध्ये भेसळ नको. वजनात कॉपर ऑक्साइड धरलं गेलं तर सगळी गुणोत्तरं खाली सरकतात.

*इशारा:* टीसी उतरला म्हणून स्किर्मिऑनचा आकारही बदलला, असं लिहू नका. टीसी मुख्यतः एक्स्चेंजवर, म्हणजे शेजारच्या स्पिनना एका रेषेत ठेवणाऱ्या परस्परक्रियेवर चालतो. स्पिन वळत वळत जे सर्पिल करतात त्याची लांबी एक्स्चेंज आणि (स्पिनना एकमेकांपासून तिरकं वळवणाऱ्या) झालोशिन्स्की-मोरिया परस्परक्रियेच्या गुणोत्तरावर ठरते. लांबी मोजायला न्यूट्रॉन किंवा लॉरेंट्झ मायक्रोस्कोपी लागते, मॅग्नेटोमीटर ती दाखवत नाही.

टप्पा २ : हवा बघून वजन करा

किनाऱ्यावर काम करणाऱ्यांची सगळ्यात मोठी गळती इथे आहे. पुण्यात बसून लिहिलेल्या प्रोटोकॉलमध्ये ही गोष्ट एका ओळीत उरकलेली असते.

सेलेनियम डायऑक्साइड हवेतलं पाणी ओढतो. रत्नागिरी-मालवणच्या जुलैमध्ये उघडी बाटली म्हणजे पावसाळ्यात पाणी सुटलेली मिठाची बरणीच. फरक एवढाच, की इथे पाण्याबरोबर सेलेनस आम्ल तयार होतं आणि तराजू ते सगळं 'सेलेनियम डायऑक्साइड' म्हणून मोजतो. प्रत्यक्षात सेलेनियम कमी पडतं, कॉपर ऑक्साइड उरतं, आणि झिंकपैकी किती आत गेलं याला धरबंध राहत नाही.

शक्य असेल तर वजनाचं सगळं काम दसऱ्यानंतर ते होळीपर्यंत उरका. पावसाळा मोजमापाला आणि लिखाणाला ठेवा. सोय नसेल तर ग्लोव्ह बॅगमध्ये कोरडा नायट्रोजन सोडून काम करा. बाटली डेसिकेटरमध्ये फॉस्फरस पेंटॉक्साइडवर ठेवा. निळी सिलिका जेल इथे पुरत नाही. तीन दिवसांत गुलाबी होते आणि कोणी बघत नाही.

वजनाचा क्रम असा:

१. कॉपर ऑक्साइड आणि झिंक ऑक्साइड रात्रभर तापवून कोरडे करा, डेसिकेटरमध्येच थंड होऊ द्या.
२. ही दोन ऑक्साइडं आधी एकत्र घोटा, थोडं ॲसिटोन घालून, ॲगेटच्या खलात. ५ टक्क्यांच्या २ ग्रॅम बॅचला कॉपर ऑक्साइड १.११८५ ग्रॅम, झिंक ऑक्साइड फक्त ०.०६०२ ग्रॅम. साठ मिलिग्रॅम पांढरी पूड सुमारे १.१ ग्रॅम काळ्या पुडीत सारखी पसरवायची आहे. पाच मिनिटांत ते होत नाही.
३. ॲसिटोन पूर्ण उडून गेल्यावरच सेलेनियम डायऑक्साइड, ०.८२१३ ग्रॅम, सगळ्यात शेवटी आणि झटपट.

तिसऱ्या पायरीनंतर ॲसिटोनचा थेंबही नको. सेलेनियम डायऑक्साइड ॲसिटोनचं ऑक्सिडेशन करतो. म्हणजे तुमचं सेलेनियम भलत्याच अभिक्रियेत खर्ची पडतं.

घोटण्यावर विश्वास नसेल (माझा नाही), तर कॉपर आणि झिंकचे नायट्रेट एकत्र पाण्यात विरघळवा, आटवा आणि तापवून मिश्र ऑक्साइड करा. वेळ जातो, पण दोन्ही धातू सुरुवातीपासून शेजारी असतात.

*तपासा:* चिमूटभर सेलेनियम डायऑक्साइड तराजूवर मिनिटभर उघडा ठेवा. शेवटचा आकडा वर चढत राहिला तर त्या दिवशी वजन करू नका.

*इशारा:* हा पदार्थ विषारी आहे. मास्क, हातमोजे आणि फ्युम हूड, तिन्ही हवेत. खिडकी उघडून वारा घेणं म्हणजे फ्युम हूड नव्हे.

टप्पा ३ : ट्यूब, दाब आणि वीज

पेलेट करून क्वार्ट्झ ट्यूबमध्ये घाला, व्हॅक्यूम ओढा, सील करा. सील करताना ट्यूबच्या खालच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळा. ज्योतीची उष्णता खाली पोचली तर सेलेनियम डायऑक्साइडची वाफ होऊन मानेत चिकटते, आणि तेवढा भाग अभिक्रियेतून बाद होतो. मानेवर पांढऱ्या सुया दिसल्या तर ती ट्यूब भट्टीत घालू नका.

दाबाचा हिशोब प्रत्येकाने एकदा स्वतः करावा. २ ग्रॅमच्या बॅचमध्ये सेलेनियम डायऑक्साइड सुमारे ०.००७४ मोल. २० मिलिलिटरच्या ट्यूबमध्ये हा सगळा ६०० अंश सेल्सिअसला वाफ होऊन बसला, तर दाब २७ बारच्या घरात जातो. साध्या ट्यूबची ही परीक्षा कोणी घेऊ नये. म्हणून हळू तापवायचं, तासाला ३० ते ५० अंश, म्हणजे वाफ होण्याआधी त्यातला बराचसा भाग कॉपर ऑक्साइडशी बांधला जातो. ६०० अंशांवर काही दिवस, मध्ये थंड करून बाहेर काढणं, पुन्हा घोटणं, नवी पेलेट, नवी ट्यूब. हे मधलं घोटणं निदान दोनदा. सगळ्यात जास्त टाळली जाणारी पायरी हीच, आणि झिंक सारखं पसरतं तेही इथेच.

वादळी पावसात वीज जाते हे गृहीत धरा. जाण्यापेक्षा येण्याचा धोका मोठा. काही टेम्परेचर कंट्रोलर वीज परत आल्यावर रॅम्प (हळू तापवायची ठरवलेली गती) विसरून थेट ६०० कडे झेपावतात. कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये वीज आल्यावर 'थांब' किंवा 'रॅम्प चालू ठेव' हा पर्याय निवडा. रात्री कोणी नसेल तर लॅबच्या मामांना सांगून ठेवा, की वीज आली तरी भट्टीच्या बटणाला हात लावू नका, आधी फोन करा.

*तपासा:* तयार पूड गडद हिरवी हवी. काळे ठिपके म्हणजे उरलेलं कॉपर ऑक्साइड. ट्यूब फोडताना सडक्या मुळ्यासारखा वास आला तर सेलेनियम मोकळं आहे. मागे व्हा, हूडची काच खाली ओढा.

टप्पा ४ : झिंक किती, हे तीन वेगवेगळ्या मार्गांनी

तुम्ही तोलून घातलेलं प्रमाण ही फक्त इच्छा. आलेखाच्या अक्षावर ती टाकायची नाही.

एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन) आधी करा. जाळीची लांबी शुद्ध पदार्थात ८.९२५ अँगस्ट्रॉमच्या आसपास येते. झिंकमुळे होणारा बदल इतका बारीक असतो, की पूडमध्ये सिलिकॉनचं स्टँडर्ड मिसळल्याशिवाय तो धरता येत नाही. सॅम्पल होल्डरची उंची केसभर चुकली तरी शिखरं तेवढी सरकतात. आणि एक्सआरडीकडून झिंक कुठल्या जागी बसलं हे काढायला जाऊ नका. कॉपरचा अणुक्रमांक २९, झिंकचा ३०. क्ष-किरणांना दोघे जवळपास सारखे दिसतात. न्यूट्रॉनला मात्र दोघांतला फरक चांगला कळतो.

शिखरांची रुंदी बघायला विसरू नका. मोठ्या कोनातली शिखरं शुद्ध सॅम्पलपेक्षा रुंद किंवा खांदा काढलेली असतील, तर झिंकची वाटणी असमान आहे. गोष्ट खरं तर इथेच उघडी पडते. पण रिपोर्टमध्ये लहान कोनांचाच भाग छापलेला असतो.

मग ईडीएक्स, म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये एकेका कणातली मूलद्रव्यं मोजणं. पितळी किंवा तांब्याच्या स्टबवर सॅम्पल लावू नका. पितळ म्हणजे तांबं आणि झिंकच, तुम्ही स्टब मोजाल. ॲल्युमिनियमचा स्टब आणि कार्बन टेप घ्या. झिंकची मुख्य रेषा ८.६४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला आणि कॉपरची दुसरी रेषा ८.९१ ला आहे. ९५ टक्के कॉपरच्या पायथ्याशी ५ टक्के झिंक शोधायचं आहे, तेव्हा सॉफ्टवेअरने दिलेला आकडा डोळे मिटून घेऊ नका, स्पेक्ट्रम उघडून पाहा. एका कणावर थांबू नका. बरेच कण मोजा आणि सरासरीबरोबर पसाराही लिहा.

आयसीपी (सॅम्पल विरघळवून प्लाझ्मात केलेलं मूलद्रव्यांचं विश्लेषण) एकूण झिंक अचूक सांगतं, वाटणी सांगत नाही. सेलेनाइटमध्ये न शिरलेलं झिंक ऑक्साइडही ते मोजतंच.

*पुढे जाण्याची अट:* ईडीएक्समधला पसारा शेजारच्या दोन सॅम्पलमधल्या फरकापेक्षा मोठा असेल, तर ती दोन वेगळी सॅम्पल नाहीत. टप्पा ३ वर परत जा.

टप्पा ५ : मशीनसमोर जाण्याआधी

मोजणीसाठी इंदूर किंवा मुंबईच्या सामायिक सुविधांवर वेळ मिळतो तो मोजका. घरून तयारी करून जा.

आकार सगळ्यात आधी. सॅम्पल स्वतःच्या चुंबकत्वाने आतलं क्षेत्र कमी करतं. ससेप्टिबिलिटी (क्षेत्राला सॅम्पल किती चुंबकत्वाने उत्तर देतं ते) १.५ धरली, तर आतल्या एकाच क्षेत्रासाठी बाहेरून सुईला १ पट, गोळ्याला १.५ पट आणि आडव्या चकतीला जवळपास २.५ पट क्षेत्र लागतं. म्हणजे शुद्ध सॅम्पलची सुई आणि डोप केलेल्याची चकती मोजलीत, तर फेजची हद्द नुसत्या आकाराने अडीच पट सरकते आणि श्रेय झिंकला जातं. सगळ्या मालिकेचे तुकडे एकाच आकाराचे कापा, लांबी-रुंदी-जाडी लिहा, दुरुस्ती करा.

दुसरं, शिल्लक क्षेत्र. सुपरकंडक्टिंग मॅग्नेट मोठ्या क्षेत्रावरून खाली आणल्यावर त्यात एक-दोन मिलीटेस्ला अडकून राहू शकतात. स्किर्मिऑनचा कप्पा, म्हणजे फेज डायग्राममधला त्यांचा पट्टा, इथे साधारण १० ते ३० मिलीटेस्लाचा, त्यामुळे ही चूक लहान नाही. क्षेत्र आंदोलित करत शून्यावर आणा आणि पॅलेडियमच्या स्टँडर्डने तपासा. (मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची भूचुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला हलवली. तिथे मोजतात ते पृथ्वीचं क्षेत्र ४० मायक्रोटेस्लाच्या आसपास. तुमच्या मॅग्नेटमधली 'शून्य' त्याच्या पंचवीस-पन्नास पट असू शकते.)

सॅम्पल नेताना काचेच्या बंद ॲम्प्यूलमध्ये न्या. झिप पिशवी खाऱ्या हवेला अडवत नाही.

टप्पा ६ : मोजणीचा क्रम

१. लहान क्षेत्रात ५ ते १०० केल्विन, आधी शून्य क्षेत्रात थंड करून, मग क्षेत्रात थंड करून. शुद्ध सॅम्पलचा टीसी ५८ केल्विनच्या जवळ आला पाहिजे. नाही आला तर थर्मामीटर किंवा सॅम्पल, दोन्हींवर संशय घ्या. चढाचा डेरिव्हेटिव्ह काढा. एकाऐवजी दोन दऱ्या दिसल्या तर टप्पा ७ आत्ताच वाचा.

२. ५ केल्विनला एम-एच. टप्पा १ मधले तीन आकडे समोर ठेवून.

३. एसी ससेप्टिबिलिटी (लहान आंदोलित क्षेत्राला मिळणारं उत्तर, वास्तव आणि काल्पनिक अशा दोन भागांत), टीसीच्या खाली तीन-चार केल्विनपर्यंत. तापमानाची पायरी ०.२ केल्विनपेक्षा मोठी नको. प्रत्येक तापमानासाठी टीसीच्या वर जाऊन शून्य क्षेत्रात परत थंड करा, मग क्षेत्र वाढवत न्या. कप्पा असेल तिथे वास्तव भागात दोन उंचवट्यांमध्ये खळगा दिसतो, आणि त्याच्या दोन्ही कडांवर काल्पनिक भाग वर येतो.

४. निदान दोन फ्रिक्वेन्सींवर तेच पुन्हा. फेजच्या कडेला चुंबकीय बदल संथ असतात, तिथे डीसी आलेखाचा उतार आणि एसी आकडा जुळत नाहीत. त्याची भीती नको, कडा ओळखायला तो फरक उपयोगी पडतो.

क्षेत्रात थंड केलेल्या मोजणीतून फेज डायग्राम काढू नका. कप्प्यातून झटकन थंड केलं, तर स्किर्मिऑन खाली अर्धस्थिर अवस्थेत टिकून राहतात. झिंक घातल्यावर ते अधिक काळ टिकतात. मग 'डोपिंगने फेज विस्तारली' असं वाटतं. विस्तारलं ते आयुष्य, समतोलाची हद्द जागच्या जागीच असते. हे स्वतंत्र निरीक्षण म्हणून लिहा, चांगलं आहे.

ॲरॉट प्लॉट (चुंबकत्वाच्या वर्गाचा आलेख, ज्यातून संक्रमणाचे घातांक काढतात) काढणाऱ्यांसाठी एकच गोष्ट: सर्पिल आणि शंकू अवस्था (स्पिन सर्पिलात किंवा क्षेत्राभोवती शंकूत फिरतात त्या) ज्या क्षेत्राला संपतात, त्याच्या वरचेच बिंदू घ्या. खालचे घेतले की घातांक हवे तसे येतात, आणि कोणाला ना कोणाला आवडतील असे येतात.

विशिष्ट उष्णतेतही सापळा आहे. मँगनीज सिलिसाइडसारख्या शुद्ध पदार्थात टीसीला रुंद खांद्यावर एक टोकदार शिखर असतं, पहिल्या प्रकारच्या संक्रमणाचं. डोपिंगने ते पसरतं. पसरलं म्हणजे दुसऱ्या प्रकारचं झालं, असं नाही. मँगनीज सिलिसाइडमध्ये लोखंडाच्या एक टक्क्याला टीसी दोन केल्विनच्या आसपास उतरतो, आणि कप्पा रुंदीला जेमतेम दोन केल्विनच. सॅम्पलमध्ये लोखंड अर्धा टक्का कमीजास्त असेल तर टीसी एक केल्विनभर पसरतो. शिखर पुसायला तेवढं पुरतं.

टप्पा ७ : 'फेज फुटली' म्हणण्याआधी

दोन कप्पे दिसलेच, तर हे तिन्ही करा.

पेलेट फोडा आणि मध्यभागाचा व कडेचा तुकडा वेगवेगळा मोजा. दोन कप्प्यांची उंची एकमेकांच्या तुलनेत बदलली, तर ते दोन पदार्थ आहेत.

शुद्ध सॅम्पलचा आलेख घ्या, तापमान त्याच्या टीसीने भागा. मग तुम्हाला दिसलेल्या दोन टीसींसाठी त्याच्या दोन प्रती काढा आणि वजन देऊन बेरीज करा. बेरीज तुमच्या आलेखावर बसली तर नव्या भौतिकीची गरज उरत नाही. अर्ध्या दिवसाचं काम आहे, एक्सेलमध्येही होतं.

आणि उरलेली पूड पुन्हा घोटून पुन्हा तापवा. कप्पे एकमेकांकडे सरकले, तर उत्तर मिळालं. एखादा सिंगल क्रिस्टल कुठून मिळाला तर त्याच्यावर तीच मोजणी करा. तो शब्द शेवटचा.

टप्पा ८ : दुसरी मालिका घेतली असेल तर

कोबाल्ट-झिंक-मँगनीजमध्ये दोन प्रकारच्या जागांवरची अणूंची वाटणी कशी थंड केलं यावर अवलंबून असते. एक सॅम्पल पाण्यात बुडवून आणि दुसरं भट्टीत सावकाश, असं चालणार नाही. मँगनीज वाढलं की कमी तापमानाला स्पिन ग्लासचं वर्तनही येतं, म्हणजे स्पिन कुठल्याही क्रमाविना गोठतात. गॅलियम-व्हॅनेडियम सल्फाइडमध्ये सल्फरच्या जागी सेलेनियम घातलं, तर मधल्या प्रमाणांना दूरवरचा चुंबकीय क्रमच मोडतो. दोन्हीकडे ससेप्टिबिलिटीचं शिखर फ्रिक्वेन्सीबरोबर सरकताना दिसेल. ती स्पिन ग्लासची खूण आहे, स्किर्मिऑनची नाही.

ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीवर किंवा परदेशात स्मॉल-अँगल न्यूट्रॉनसाठी अर्ज करणार असाल, तर अपेक्षित जागा आधी काढा. ६० नॅनोमीटरच्या सर्पिलासाठी ती सुमारे ०.०१ व्यस्त अँगस्ट्रॉमला येते, मँगनीज सिलिसाइडच्या १८ नॅनोमीटरसाठी ०.०३५ ला. उपकरण तेवढं खाली उतरतं का ते विचारा. पुडीत स्किर्मिऑनच्या जाळीचे सहा ठिपके दिसणार नाहीत, क्षेत्र किरणांच्या दिशेला असताना वलय दिसेल. त्या मांडणीत शंकू अवस्था डिटेक्टरवर येत नाही, पण शून्याजवळच्या क्षेत्रातली सर्पिल अवस्थाही पुडीत वलयच देते. म्हणून एकाच तापमानाला क्षेत्र वाढवत जा: वलय मावळून पुन्हा उगवलं, तर दुसऱ्यांदा उगवलेलं तुमचं. अर्जासोबत टप्पा ४ मधला ईडीएक्सचा पसारा जोडा आणि बॅच क्रमांक ॲम्प्यूलवर नव्हे, पेन्सिलीने कागदी चिठ्ठीवर लिहून आत घाला. मार्करची शाई आपल्या हवेत पुसते.